दिघीची ट्रायल

गाडी दुरुस्त झाली की तिला बोटीतून पलीकडे फिरवून आणायचं, असा नियम असलेला मेकॅनिक तुम्ही पाहिला नसेल. आमच्या आगरदांड्याला आहे. भिकूदादा. ब्रेक बदललेले असोत नाहीतर नुसता हॉर्न, ट्रायल म्हणजे फेरीबोटीने खाडीपलीकडे दिघीला जायचं, जेट्टीवर गाडी वळवायची आणि परत यायचं. "बोटीत गाडीचा खरा सभाव कळतो," असं तो म्हणतो. हॉर्नचा कसला डोंबलाचा स्वभाव! पण त्याच्यासमोर बोलायची सोय नाही.

गंमत म्हणजे दिघीला तो गाडीतून खाली उतरत नाही. लेक सुजाता बापाला न विचारता दिघीच्या एका बर्फवाल्याशी लग्न करून गेली, तेव्हा हा गरजला होता, "दिघीच्या जमिनीला पाय लावनार न्हाय!" पुढे बायको वारली. लेक दारापर्यंत आली, याने दार उघडलं नाही. तेव्हापासून घरात एकटाच. ट्रायलचा नियम त्यानंतरचा.

सुजाताची तिथे जेट्टीवरच चहाची टपरी आहे. हा काच वर करून आरशातून तिकडे बघत बसतो. तीही बापावरच गेलेली, चहा गाळताना मान वर करत नाही. बोटीवरचे खलाशी हसतात. मीही हसायचो.

मग माझी गाडी रुसली. तापली की बंद, तासाभराने आपोआप चालू. मुरुडला एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने पेट्रोल पंप. शेवटी भिकूदादाकडे नेली.

"मास्तर, स्टार्टर मारा."

मारला. इंजिन घुमत होतं, पण चालू होईना.

"इंजिन फिरतंय, पन आरपीएमचा काटा हालतोय का? न्हाय. म्हंजे इंजिन फिरतंय ही खबरच आतल्या कॉम्प्युटरला न्हाय. खबर देनारा क्रँक सेन्सर तापला की मुका होतो." त्याने ओलं फडकं सेन्सरवर दाबून धरलं. थोड्या वेळाने पुन्हा स्टार्टर मारला तर गाडी चालू! मी अलिबागहून नवा सेन्सर आणून दिला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "ट्रायलला चला."

जेट्टीवर येण्याआधी त्याने गाडी उगाच राजपुरीपर्यंत दामटली. बोटीत इंजिन बंद केलं. दिघी आली आणि गाडी ढिम्म! मागचे टेम्पोवाले हॉर्न मारून उठले. खलाशांनी आणि मी ढकलत ती वर काढली, ती नेमकी टपरीसमोर थांबली. स्टिअरिंगवर भिकूदादा. मी घामाघूम, डोकं फिरलेलं.

"दादा, सेन्सर बदललात ना?"

त्याने तोंड फिरवलं. शर्टाच्या खिशातून नव्या सेन्सरची डबी डोकावत होती, सील न फोडलेली. आयुष्यात कुणाचा एक स्क्रू ढिला न ठेवलेला माणूस! माझा राग कुठल्या कुठे गेला.

सुजाता टपरीतून आली. हातात ओलं फडकं. तिने बॉनेट उघडलं आणि हात बरोबर सेन्सरपाशी नेला. बापाच्या हातात पाने-पकडी देत मोठी झालेली पोर, तिला कोण सांगणार? ती फडकं दाबून उभी राहिली. मध्ये उघडं बॉनेट. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, मला दोघांचंही दिसत होतं. बघवत नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आबा, मारा स्टार्टर."

भिकूदादाचा हात चावीवर होता.

"आजून गरम हाय," तो कसाबसा म्हणाला.

मी वाकून हात लावला. सेन्सर गारढोण झाला होता. मी सुजाताकडे पाहिलं. तिने पदराने डोळे पुसले.

"व्हय आबा, हाय गरम," ती म्हणाली, आणि फडकं पुन्हा भिजवून आणायला टपरीत गेली.