मोर्णेपलीकडचा आवाज

चंद्राभोवती फिरणारं यान लेसरच्या झोतातून थेट पृथ्वीवर चित्रं धाडतं, मग आपली मोर्णा नदी ती काय! या काठावरून त्या काठावर आवाज पाठवून दाखवतो, असं कुलदीपसरांनी अकोल्यातल्या आपल्या वर्गात छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

तयारी पक्की होती. सरांच्या गच्चीवर लेसर. पलीकडे जुन्या शहरात मित्र अंकुरच्या खिडकीत झोत झेलायला सौर पट्टी आणि तिला जोडलेला बॅटरीचा स्पीकर कपाटावर. पाठवायला आवाज खणखणीत हवा, म्हणून सरांनी अंकुरच्या लग्नातलं रेकॉर्डिंग काढलं. त्यात अंकुरचे वडील नत्थुजी पंगतीत ओरडत होते. नत्थुजी आता हयात नव्हते. मित्राला तेवढाच गोड धक्का, असा सरांचा भाबडा हिशेब; म्हणून काय आणि कधी पाठवणार, हे त्यांनी अंकुरला सांगितलं नव्हतं.

दिवेलागणीला सरांनी ते रेकॉर्डिंग फिरून फिरून वाजेल असं लावून झोत सोडला. नेमका अंकुर दुकानात गेलेला, लाइट गेलेली आणि घरात त्याची आई मनकर्णाबाई एकटीच. कपाटावर काय ठेवलंय, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

अंधारात कपाटावरून नवऱ्याचा आवाज आला, "मनकर्णे, पाहुणे उपाशी हायेत. तू काहून बसून राहिली?"

खिडकीचा पडदा वाऱ्याने झोतात आला की आवाज मध्येच तुटे. पडदा सरकला की पुन्हा तेच.

थोड्या वेळाने सरांचा फोन वाजला. अंकुर दाराबाहेरून कुजबुजत होता, "कुलदीप, बाबा घरात बोलून राहिले. आत जायची माही हिंमत नाई."

लेसर तसाच चालू सोडून सर पुलावरून धावत सुटले. अंकुरच्या दारात गल्ली जमली होती, पण उंबरा कोणी ओलांडत नव्हतं. आत मेणबत्तीच्या उजेडात मनकर्णाबाई भलंमोठं पातेलं गॅसवर चढवून पाहुण्यांसाठी भात शिजवत होती. मध्येच कपाटाकडे बघून, "करून राहिली ना मी," असं पुटपुटत होती.

सरांनी चाचरत सगळं सांगितलं आणि पटावं म्हणून पट्टीपुढे हात धरला. आवाज थांबला. घर इतकं गप्प झालं की भाताची रटरट ऐकू येऊ लागली. मनकर्णाबाईने उठून त्यांचा हात बाजूला केला. नत्थुजी पुन्हा सुरू झाले.

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "इकडून बोललेलं त्याइले ऐकू जाते का?"

"नाई काकू. हे एकाच बाजूनं येते."

"बरं झालं," ती म्हणाली. "मी उत्तर दिलं का भांडणच होये."