थनाकोर्न सरांची लाल पट्टी

खोन केनच्या विद्यापीठात थनाकोर्न सरांएवढा मोठा शास्त्रज्ञ दुसरा नाही, ही माहिती सगळ्यांना खुद्द थनाकोर्न सरांकडूनच मिळाली होती. त्यांच्या संवेदक पट्टीवर थुंकीचा थेंब टाकला, की कॅन्सरमध्ये बळावणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, शरीरात किती खवळलंय ते पट्टीला जोडलेलं यंत्र दाखवी. हिरवा दिवा म्हणजे ठणठणीत, लाल म्हणजे बोंब. आज बँकॉकहून आरोग्य खात्याच्या उपसचिव ओराथाईबाई आल्या होत्या. त्यांनी मान डोलावली, की पट्टी देशभर जाणार होती.

पाहुण्याला आधी जेवू न घालणं म्हणजे अपमानच. सोमतम मागवलं होतं, कच्च्या पपईचा कीस मिरची-लिंबू घालून ठेचलेला. बाईंनी दोन ताटल्या संपवल्या, सरांनी चिकट भाताच्या मुटक्यांबरोबर तीन हाणल्या.

"सर, स्वतःची तपासणी करून दाखवण्याआधी चूळ भरताय ना?" मदतनीस पिमचनोकनं हळूच विचारलं.

"चूळ? माझी पट्टी गटारातूनही विकर हुडकेल!"

आणि सर ऐटीत पट्टीवर थुंकले. दिवा लाल झाला. दुसरी पट्टी घेतली, तीही लाल. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं, मी गेलो!" ते खुर्चीत कोसळले.

"काही गेला नाहीत," पिमचनोक कानाशी लागली. "कच्च्या पपईच्या चिकात असलंच विकर असतं. पट्टी फसलीय, सर."

सरांच्या जिवात जीव आला, पण क्षणभरच. आपण जगणार, म्हणजे पट्टी मेली! एवढ्या मोठ्या माणसाला असला सौदा परवडतो होय?

"गप्प बस!" ते कुजबुजले आणि छाती काढून उभे राहिले. "बाईसाहेब, मला कॅन्सर आहे! पट्टी कधी चुकत नाही!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "केवढा प्रामाणिकपणा! थांबा, मीही तपासते."

"तुम्ही कशाला... नको हो..." सर चाचरले, तोवर बाई थुंकल्यासुद्धा. दिवा लालभडक.

बाई मटकन खाली बसल्या. "खरं सांगा सर, चुकली तर नाही ना?"

खरं बोलायला एवढी चांगली संधी माणसाला क्वचितच मिळते. सर म्हणाले, "वेळीच सापडलाय, बाईसाहेब."

"मग पट्टी मंजूर! कागदावर सही मात्र परत आल्यावर." बाईंनी डोळे पुसून त्यांचा हात धरला. "आधी तुम्ही-आम्ही दोघं मोठ्या दवाखान्यात जाऊ. आत्ता. माझ्याच गाडीतून."

गाडीत आरशाला बुद्धाचा ताईत लोंबत होता. बाई बरं व्हावं म्हणून हात जोडून बसल्या होत्या. शेजारी सरांनीही डोळे घट्ट मिटून हात जोडले. दोघांपैकी एकाला तरी खरंच कॅन्सर निघू दे, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि शक्यतो बाईंना.