मार्तंडरावांची सही

मार्तंडराव जगदाळे पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा "बसा" म्हटल्यावर त्यांनी खुर्ची उलटी केली. चारही पाय वर करून एकेक सांधा हलवून पाहिला, मागच्या डाव्या पायाशी जरा रेंगाळले, बोटानं टकटक केलं, आणि मग खुर्ची सुलटी ठेवून तिच्यावर न बसता पडवीच्या कट्ट्यावर टेकले. माझी बायको कमल चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिनं मला हळूच विचारलं, "खुर्ची विकायला काढलीय का आपण?"

"चांगली आहे हो खुर्ची," मी म्हणालो.

"चांगली आहे हे बघितलंत, की वाटलं?"

हा त्यांचा प्रश्न. पुढं कितीतरी वर्षं तो मी ऐकला. तसं म्हटलं तर ती खुर्ची अजून आमच्याकडे आहे आणि तिला काही झालेलं नाही. मात्र त्या दिवसापासून तिच्यावर घरातलं कुणी निवांत बसलेलं मी पाहिलं नाही.

मी तेव्हा पौडच्या शाळेत शास्त्र शिकवत असे. त्याच सुमाराला पुण्याच्या काही हौशी मंडळींनी कासार आंबोलीच्या अंगाला एक मोठा गवताळ माळ घेऊन तिथं ग्लायडर उडवायला सुरुवात केली. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. लांब दोरानं ओढून वर सोडायचं, की ते वाऱ्यावर तरंगत खाली येतं. पण या क्लबाकडे त्याशिवाय एक मोटर ग्लायडर होतं. त्याच्या नाकात छोटंसं इंजिन बसवलेलं असे. त्याच्या जोरावर आपलं आपण वर जायचं, उंची गाठली की इंजिन बंद करायचं आणि घारीसारखं फिरत राहायचं. गावातली माणसं त्याला 'फटफटीचं इमान' म्हणत.

या इंजिनाला सरकारी नियम होता. ठरावीक तास उडालं, की त्याचे सुटे भाग तपासायचे. पंख्याचे बोल्ट, तेलाचा पाईप, प्लग, इंजिन ज्यावर बसतं तो सांगाडा, सगळं. आणि परवाना असलेल्या तपासनिसाची सही झाल्याशिवाय विमान जमिनीवरून हलवायचं नाही. ही सही करणारा माणूस म्हणजे मार्तंडराव. जन्मभर या तळावरून त्या तळावर बदल्या होत शेवटी ते इथं आले होते आणि आमच्या शेजारच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या होत्या. "घरी कोण कोण असतं?" असं कमलनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "दोन खोल्या."

तपासणीचा दिवस क्लबात सुतकासारखा जाई. इंजिनावरचं झाकण काढून मार्तंडराव त्यात जे डोकं घालत, ते दुपारपर्यंत बाहेर येत नसे. मधून फक्त हात बाहेर येई आणि पाना मागे. क्लबाचे शिक्षक होते कॅप्टन भोसेकर, मोठ्या मिशांचे आणि तेवढ्याच मोठ्या आवाजाचे. ते बाहेर येरझाऱ्या घालत. 

"जगदाळे, परवाच तर बघितलंय ना तुम्ही हे!"

"परवा बघितलं. आज वाटतंय," आतून आवाज येई, आणि पाना पुन्हा फिरू लागे.

हा नियम विमानापुरता होता, पण मार्तंडरावांनी तो सगळ्या मुळशी तालुक्याला लावला होता. कमलचा स्टोव्ह त्यांनी एकदा चहा उकळत असताना मालवून उघडला. एस.टी. स्टँडवर गाडी सुरू झाली, की खिडकीशी बसायच्या ऐवजी ते बॉनेटपाशी उभं राहून कान देत. ड्रायव्हर त्यांना पाहून आधीच सांगे, "साहेब, कालच दाखवलीय गाडी." जत्रेत तर त्यांनी फिरता पाळणाच थांबवला. वर चार बाया पोरांसकट लटकलेल्या, आणि हे खाली खिळे तपासतायत.

पाळणेवाला वैतागून म्हणाला, "सायेब, बापआज्यापासनं फिरतोय ह्यो पाळणा!"

"म्हणूनच," मार्तंडराव म्हणाले आणि त्यांनी त्याच्याकडून हातोडा मागून घेतला. 

वरच्या बायांनी त्यांचा जो उद्धार केला तो इथं लिहिण्यासारखा नाही. तेव्हापासून गावात त्यांचं नाव पडलं तपासराव. माळाच्या कडेला मेंढरं चारणारा भिवा धनगर त्यांना तोंडावरच त्या नावानं हाक मारी. 

"काय तपासराव, मेंढरं बी तपासता का आमची?" 

त्यानं चेष्टेत विचारलं, पण मार्तंडराव खरोखरच वाकले. एका लंगडणाऱ्या मेंढीचा खूर हातात धरून त्यांनी त्यातला बाभळीचा काटा काढला. "ही घे. आता चालव," म्हणाले. भिवा त्या दिवसापासून त्यांचा झाला.

भिवा सोडला तर मात्र त्यांची कुणाशी ऊठबस नव्हती. क्लबातली मंडळी दुपारी झाडाखाली डबे उघडून हसतखिदळत जेवत. हे शेडच्या मागं जाऊन एकटे भाकरी खात. उडणाऱ्या मंडळींची नावंसुद्धा त्यांना ठाऊक नसत. 'उंच', 'चष्मेवाला', 'तो खोकणारा' अशी ते त्यांना ओळखत. माणूस तुसडा आहे, असं सगळ्यांचं मत झालं होतं. माझंही.

या माणसाला पहिलं खिंडार पाडलं माझ्या धाकट्या बहिणीनं. नलिनी पुण्याला कॉलेजात शिकत होती आणि सुट्टीला आमच्याकडे यायची. ग्लायडर बघायला म्हणून ती माळावर आली आणि पुढं शिकायलाच लागली. एकदा तपासणी चालली असताना ती सरळ मार्तंडरावांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"काका, हा बोल्ट तारेनं का बांधलाय?"

"सैल होऊ नये म्हणून."

"मग तार सैल झाली तर?"

मार्तंडरावांनी इंजिनातून डोकं बाहेर काढलं. असा प्रश्न विचारणारं माणूस त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं. त्या दिवशी त्यांनी तिला अख्खं इंजिन समजावून सांगितलं. मग दर सुट्टीत हेच. ती आली की हे पडवीत हजर. ती प्लग घासणार, हे शेजारी बसून चुका काढणार. कमलच्या हातचं थालीपीठ ते आधी उलटून बघत, पण खात. नलिनीनं त्यांना हसायला शिकवलं, असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलायला लागलं होतं, हे खरं.

साध्या ग्लायडरवर नलिनीचा हात बसला. मग मोटर ग्लायडरवर भोसेकरांना शेजारी बसवून तिनं बरीच उड्डाणं केली. शेवटी भोसेकर म्हणाले, "येत्या रविवारी ही एकटी उडेल." कमलनं देवापुढं साखर ठेवली. आणि नेमकी त्याच आठवड्यात इंजिनाची तपासणी आली.

शनिवारी सकाळी मार्तंडरावांनी झाकण उघडलं. दुपार झाली, सही नाही. संध्याकाळी त्यांनी सगळं बसवलं आणि परत उघडलं. तेलाचा पाईप बदलला. पंख्याचे बोल्ट काढून पुन्हा आवळले. रविवारी माळावर माणसं जमली, नलिनी तयार होऊन उभी राहिली, आणि मार्तंडराव पाना हातात घेऊन तिसऱ्यांदा आत शिरले.

भोसेकरांचा आवाज माळभर गेला. "जगदाळे, दोष काय आहे ते तरी सांगा!"

"दोष सापडत नाही."

"मग सही करा!"

"करत नाही."

त्या दिवशी उड्डाण झालं नाही. नलिनी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला राग आवरेना. तिसऱ्या प्रहरी मी तरातरा माळावर गेलो. शेडमध्ये मार्तंडराव त्या विमानाशेजारी खोक्यावर बसले होते.

"एका पोरीची हौस मोडून काय मिळवलंत तुम्ही?" मी विचारलं. "ती मुलगी आहे म्हणून का? की नियमाची मिजास?"

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "मास्तर, इथं येण्याआधी जन्मभर ज्या ज्या तळावर नोकरी केली, तिथं कुणाच्या घराची पायरी चढलो नाही. विमानात कोण बसतंय त्याचं नाव विचारलं नाही. मुद्दाम. माणूस परका असला की बोल्ट नुसता बोल्ट असतो. घट्ट आहे की सैल, एवढंच. आता पाना लावला की ही पोर डोळ्यांपुढं येते. घट्ट बसलेला बोल्ट मला सैल वाटतो. मी पुन्हा आवळतो, पुन्हा वाटतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वाटतो, मास्तर. मला!"

माझा राग कुठल्या कुठं गेला.

"उद्या पुण्याला जाऊन दुसरा तपासनीस मागतो," ते म्हणाले. "ज्याला वाटायला लागलं त्यानं सही करू नये. इंजिनाला जास्त आवळणंही बरं नव्हे."

आणि खरंच गेले. इतरांच्या कामावर तिळमात्र विश्वास नसलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं पुण्याला गेला आणि आपल्या कामाची तपासणी करायला दुसरा माणूस मागून आला. भोसेकरांना हे कळलं तेव्हा ते मिशीवरून हात फिरवत नुसतेच उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांनी त्यांना 'जगदाळे' न म्हणता 'मार्तंडराव' म्हणायला सुरुवात केली.

पुढच्या रविवारी पुण्याहून एक तरुण तपासनीस आला. शीळ घालत त्यानं झाकण उघडलं. मार्तंडराव दूर उभे होते. आपलाच एक हात त्यांनी दुसऱ्या हातानं पाठीमागं घट्ट धरून ठेवला होता, नाहीतर तो त्या शीळवाल्याच्या मानगुटीवर गेला असता. पोरगा कामाला पक्का होता. त्यानं सगळं नीट पाहिलं, सही केली आणि म्हणाला, "पाईप कशाला बदललात? आधीचा चांगला होता की." मार्तंडरावांनी हेही ऐकून घेतलं.

नलिनी विमानात बसली. पंखा फिरला. सगळा माळ एका बाजूला धावला, आणि मार्तंडराव उलट्या बाजूला चालू लागले. मी त्यांच्या मागं गेलो. ते भिवाच्या मेंढरांपाशी गेले आणि माळाकडे पाठ करून एका दगडावर बसले. तोंड डोंगराकडे. डोक्यावरून विमान फटफटत वर गेलं, तरी त्यांनी मान उचलली नाही.

"आवो तपासराव, वर बगा की," भिवा म्हणाला. "तुमचंच इमान हाय."

"तू बघ. मला सांग."

मग भिवा काठीला टेकून सांगत राहिला. "वर चाललंय. लई वर गेलंय. आता दरीकडं वळतंया. सरळ हाय, सरळ हाय."

आणि एकदम आवाज थांबला. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांशिवाय काही ऐकू येईना.

मार्तंडरावांनी माझं मनगट धरलं. "मास्तर, बंद केलं, की पडलं?"

"केलं असेल. ठरलं होतं ना तसं."

"असेल?"

मी वर पाहिलं, पण उन्हानं माझ्या डोळ्यांना पाणी आलं. भिवाची नजर मात्र धनगराची. तो म्हणाला, "घारीवानी फिरतंय, तपासराव. पंख बी हलवत न्हाई. निवांत हाय पोरगी."

त्यांनी मनगट सोडलं नाही. पार टाळ्यांचा कडकडाट कानावर येईपर्यंत सोडलं नाही. मग भिवानं त्यांना बगलेत हात घालून उभं केलं.

संध्याकाळी सगळे आमच्या पडवीत जमलो. नलिनी नुसती बोलत होती. मुळा नदी वरून कशी दिसते, पौडची कौलं कशी, धरणाचं पाणी कसं लांबवर चकाकतं. मार्तंडराव खाली मान घालून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "माणसं दिसतात का गं वरून?"

"दिसतात की. सगळी तोंडं वर केलेली होती ना, उन्हात लाह्यांसारखी दिसत होती. वहिनी कुठली, दादा कुठला, काही कळत नव्हतं." ती जरा थांबली. "पण मेंढरांच्या कडेला एकच पाठ होती. ती लगेच ओळखली. इंजिन बंद केल्यावर मी सगळ्या घिरट्या त्या पाठीभोवतीच घातल्या, काका."

कमल उगाचच कप गोळा करायला लागली. मार्तंडरावांनी आपला कप तिच्या हातात दिला.

"वळण जरा मोठं घेत जा," ते म्हणाले, आणि उठून आपल्या दोन खोल्यांकडे गेले.

नलिनीच्या विमानावर त्यांनी पुढं कधी सही केली नाही. दर खेपेला पुण्याहून तो शीळवाला येई. ती उडाली की हे मेंढरांपाशी जाऊन डोंगराकडे तोंड करून बसत. वर कधीच पाहिलं नाही. मात्र विमान डोक्यावरून फिरू लागलं, की पाठ न वळवता ते आपला एक हात वर करत, आणि ते पुढं जाईपर्यंत तसाच धरून ठेवत.