एक चौकोन रिकामा

संख्याशास्त्राच्या सरांचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता. वर्गात कोण बुडतंय, हे आपल्याला नुसत्या चेहऱ्यावरून कळतं! सत्तावीस वर्षं शिकवल्यावर माणसाला कशाचा ना कशाचा अभिमान चढतोच, सरांना आपल्या नजरेचा चढला होता. शिक्षकांच्या खोलीत चहाचा कप हातात आला की ते सुरू व्हायचे, "मला चाचणी-बिचणी लागत नाही. फळ्याकडून वळायचं, एकदा वर्गावर नजर फिरवायची, संपलं!"

घरी मात्र हे भाषण फार चालत नसे.

"माझा ताप तुम्हाला चौथ्या दिवशी कळला होता," बायको शांतपणे म्हणायची. "तोही शेजारणीने सांगितलं म्हणून."

"अगं, तो काय वर्ग होता का?" एवढं म्हणून सर वर्तमानपत्रात डोकं घालायचे.

त्या वर्षी विद्यापीठाने नवी योजना काढली. सत्राच्या चौथ्या आठवड्यात प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या वर्गात कोण मागे पडतंय ते कळवायचं, आणि सहाय्य केंद्राने त्या मुलांना बोलावून वेळेवर मदत द्यायची. कारण गंभीर होतं. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत अभ्यासक्रमातून नाव काढून घेता येत असे, आणि दरवर्षी कितीतरी जण गुपचूप अर्ज देऊन निघून जात. का जाताय, असं त्यांना कुणी विचारत नसे.

सरांच्या वर्गात चौसष्ट जण होते. त्यातली एकच बुडत होती, याची सरांना खात्री होती. ती छत्तीस वर्षांची बाई खिडकीशी बसायची. अकरा वर्षं एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवून, सगळ्यांहून थोराड होऊन ती शिकायला आली होती. सर मनातल्या मनात तिला खिडकीवाली म्हणत. बाकीचे त्रेसष्ट जण सर बोलायला लागले की माना डोलवत. पहिल्या बाकावरची, जिला सगळे 'पहिला नंबर' म्हणत, ती तर इतकी डोलवायची की सरांना तिच्या मानेची काळजी वाटे. खिडकीवालीची मान मात्र हलत नसे. ती कपाळाला आठी घालून फळ्याकडे बघत राहायची.

सोमवारी सर संगणकासमोर बसले. पडद्यावर वर्गाची यादी आली, प्रत्येक नावापुढे एक चौकोन. सरांच्या हजेरीपटातही असेच चौकोन असत, आणि त्यात सत्तावीस वर्षं एकच पद्धत होती. ज्याचं ठीक चाललंय त्याच्यापुढे बरोबरची खूण, ज्याची काळजी वाटते त्याचा चौकोन रिकामा. यादीच्या वर दोन पानं सूचना होत्या. "हे तर उघडच आहे," म्हणत सरांनी त्या झपकन वर सरकवल्या.

हे त्यांचं लाडकं वाक्य होतं. फळ्यावर गणित रंगात आलं की मधल्या दोन-तीन पायऱ्या ते याच वाक्याच्या जोरावर ओलांडून जात.

सरांनी मन लावून त्रेसष्ट खुणा केल्या. खिडकीवालीच्या नावाशी थांबून तो चौकोन रिकामा ठेवला, आणि कुणाचं तरी भलं केल्याच्या समाधानात बटण दाबलं!

बुधवारी सकाळी ते जिन्यातून वर आले तर त्यांच्या खोलीच्या दाराशी पहिला नंबर उभी. डोळे सुजलेले.

"सर, माझं काय चुकलं?"

"तुझं? काही नाही. का गं?"

तिने कागद पुढे केला. 'आपण आपल्या अभ्यासक्रमात मागे पडत असल्याचे आपल्या प्राध्यापकांनी कळवले आहे. घाबरू नका.'

तेवढ्यात खोलीतला फोन वाजला. तिचे वडील होते. "सर, मुलगी रात्री जेवली नाही. माझ्या मुलीला कधी नव्वदच्या खाली मार्क नाहीत, आणि तुम्ही म्हणता ती बुडतेय?"

"काहीतरी गफलत झाली असेल. मी बघतो," सर म्हणाले आणि सहाय्य केंद्राकडे धावले. वाटेत एका फलकावर योजनेची सूचना ठळक अक्षरांत लावली होती. ज्यांना मदत हवी, त्यांच्यापुढे खूण करावी. सर तिथेच भिंतीला टेकले.

केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती! खुर्च्या संपल्या होत्या, मुलं जमिनीवर फतकल मारून बसली होती. केंद्राच्या बाई घामाघूम झाल्या होत्या.

"सर, अहो, बाकी सगळ्या विद्यापीठातून मिळून चाळीस नावं आली आणि एकट्या तुमच्याकडून त्रेसष्ट!"

"बाई, त्या खुणा काढून टाका. माझी चूक झाली."

"नाही काढता येत. मुलाने इथे येऊन शिकवणाऱ्याबरोबर अर्धा तास बसायचं, काय कळत नाही ते चिठ्ठीवर लिहायचं, मगच खूण निघते. तसा नियमच आहे."

"मग निदान एक नाव वाढवा. जिला खरी गरज आहे ती राहिलीय."

बाईंनी वही उघडून दाखवली. "पुढचा आठवडा संपेपर्यंत एकही वेळ शिल्लक नाही, सर. तुमचीच मुलं आहेत सगळी."

गुरुवारी खिडकीशी कुणी नव्हतं. सरांनी त्या तासाला तीनदा खडू पाडला.

शुक्रवारी चार वाजता दारावर टकटक झाली. खिडकीवाली. हातात अर्ज.

"सर, सही हवी होती. नाव काढून घेते."

"बसा ना जरा."

"नको. पाचच्या आत खाली द्यायचाय." ती दारातच उभी राहिली. "एक विचारू? सगळ्या वर्गाला पत्र आलं. मला नाही आलं. माझी काय ती लायकी तुम्ही ठरवूनच टाकलीत ना? की हिला मदत करूनसुद्धा उपयोग नाही?"

सर खुर्चीतून उठले. "अहो, उलटं झालं! मी खुणाच उलट्या केल्या. जे ठीक आहेत त्यांच्यापुढे खूण केली."

"माझी समजूत घालू नका, सर."

सरांनी घाईघाईने हजेरीपट काढला आणि तिच्यापुढे धरला. "हे बघा. ही माझी नेहमीची पद्धत." तिने पान नीट वाचलं. त्रेसष्ट पेन्सिलीच्या खुणा आणि एक रिकामा चौकोन.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "अख्ख्या वर्गात मागे मी एकटीच आहे."

आपण आगीतून फुफाट्यात उडी घेतली हे सरांना तेव्हा कळलं. ती खुर्चीवर टेकली, अर्ज मांडीवर ठेवून. "अठराव्या वर्षी एकदा सोडलं होतं कॉलेज. तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नाही. या वेळी वाटलं होतं, निदान कुणीतरी विचारेल."

घड्याळात साडेचार झाले होते. तेवढ्यात केंद्राच्या बाई चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आत आल्या, टेबलावर ठेवून म्हणाल्या, "सर, पहिल्या एकतीस जणांच्या आहेत. तुम्ही एकटे असताना वाचाव्यात असं मला वाटतं." आणि निघूनही गेल्या.

सरांनी वरची चिठ्ठी उचलली. अक्षर पहिल्या नंबरचं. 'दुसऱ्या आठवड्यापासून काहीच कळत नाही. सर "हे तर उघडच आहे" म्हणतात, तिथून पुढे मी नुसतं उतरवून घेते.' दुसऱ्या चिठ्ठीत तेच, तिसरीतही. एकाने लिहिलं होतं, 'सगळे माना डोलवतात म्हणून मीही डोलवतो.'

गठ्ठा खणात टाकून कुलूप लावावं असं फार वाटलं! सत्तावीस वर्षांच्या नजरेचा निकाल त्या गठ्ठ्यात होता. त्यांनी खिडकीवालीकडे पाहिलं, तिच्या मांडीवरच्या अर्जाकडे पाहिलं, आणि गठ्ठा तिच्या हातात दिला.

ती एकेक चिठ्ठी वाचत गेली. पाचव्या-सहाव्या चिठ्ठीला तिच्या ओठांचा कोपरा हलला. मग पिशवीतून स्वतःची वही काढून तिने मागचं पान उघडलं. तिथे चार-चार रेघांचे जुडगे होते. "एकोणनव्वद वेळा म्हणालात, सर. मला वाटायचं, मलाच तेवढं उघड दिसत नाही."

"एकालाही दिसत नव्हतं," सर म्हणाले. हे वाक्य बोलायला त्यांना फार जड गेलं.

"मग मी एकटीच मागे आहे, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

"तुम्ही मान डोलवत नव्हता."

"कळत नसताना कशी डोलवणार?"

सरांनी खडू घेतला, खोलीतल्या छोट्या फळ्यावर दुसऱ्या आठवड्यातलं पहिलं गणित लिहिलं आणि प्रत्येक पायरी मांडत गेले. तिसऱ्या ओळीला जुनं वाक्य जिभेवर आलं. मागून खाकरण्याचा आवाज आला. सरांनी वाक्य गिळलं आणि पायरी लिहिली. पाच कधी वाजून गेले दोघांनाही कळलं नाही. निघताना तिने अर्जाची घडी केली आणि वहीत खूण म्हणून घातली.

त्या संध्याकाळी विभागप्रमुखांचा संदेश आला. 'केंद्राकडील चिठ्ठ्या पाहिल्या. एवढ्या अचूकपणे विद्यार्थी हेरणारा दुसरा प्राध्यापक नाही. पुढच्या सभेत आपल्या नजरेविषयी सहकाऱ्यांना मार्गदर्शन करावे.'

सरांनी तो बायकोला वाचून दाखवला, आणि मग, लाजत का होईना, खरं काय घडलं तेही सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मधूनमधून मान डोलवत होती. सर बोलता बोलता थांबले. आज पहिल्यांदाच त्यांनी चेहऱ्यावर विसंबायचं नाही असं ठरवलं.

"अगं, तुला बरं आहे ना?"

"कालपासून ताप आहे," ती म्हणाली. "चला, मागच्या वेळेपेक्षा दोन दिवस लवकर कळलं!"