तरंगणारे दाणे

आमच्या केशोरीत तांदळाचा प्रश्न पडला की लोक कृषी अधिकाऱ्याकडे जात नाहीत, माझ्याकडे येतात! नुसता दाणा चावून मी सांगतो, धान कोणाच्या शेतातल्या कोणत्या बांधीतलं!

त्यामुळे रेशनच्या तांदळात मला जरा पिवळट, वेगळेच दाणे दिसले, तेव्हा मी त्यातला एक पाण्यात टाकला. तरंगला!

"प्लास्टिक!" मी ओरडलो.

"बादल्या इतक्या महाग झाल्या, अन् प्लास्टिक फुकट कोन वाटते जी?" माझी बायको चमेली म्हणाली.

पण तज्ज्ञाने बायकोचं ऐकलं तर तो तज्ज्ञ कसला! दुसऱ्याच दिवशी मी पारावर वर्ग भरवला. दाणा कसा हुडकायचा, कसा उचलायचा, सगळं दाखवलं. अख्खा मोहल्ला सूप घेऊन बसला. निवडलेले दाणे कोंबड्यांना!

मग उपकेंद्रातल्या नर्सबाई, रुचिका, रक्त तपासायला आल्या. चमेलीला बरेच दिवस चार पावलं चालली तरी धाप लागायची, म्हणून मीच तिला पुढे केलं.

बाईंचा चेहरा उतरला. "रक्त फारच कमी आहे. रेशनचा तांदूळ खाता ना? त्यात लोह अन् जीवनसत्त्वं घातलेले दाणे असतात. जरासे पिवळट."

"तरंगतात काय जी?" माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"काही तरंगतात. काऊन?"

चमेलीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं कांडायच्या आधी धानाकडे पाहतात!

"कोंबड्या मातर मस्त झाल्या बाई," शेजारचे शालीकराम मागून बोलले.

चमेलीने पारावरच्या वर्गाचं सगळं सांगून टाकलं. बाईंनी तिला गोळ्या दिल्या आणि मला शिक्षा! त्याच पारावर, त्याच लोकांपुढे सगळं उलटं सांगायचं. सांगितलं बुवा! त्या दाण्यातच ताकद आहे, तो फेकू नका, म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलो. लोकांना पटलं. शब्द कोणाचा होता!

दुसऱ्या दिवशी पाहतो तर शालीकराम पुन्हा सूप घेऊन बसलेले!

"आता कायले निवडून राहिले, काका?"

"तूच त सांगतलास ना गा, ताकद या दान्यात हाय!" त्यांनी पिवळट दाणे जपून डब्यात भरले. "घरच्यांसाठी एवढेच शिजवू."

"अन् बाकीचा तांदूळ?"

"पावन्यांले!"

आणि त्याच दिवशी त्यांच्याकडे जेवायला कोणाला बोलावलं होतं, हे मी सांगत बसत नाही.