साठ म्हणजे साठ

या उन्हाळ्यात खोलीचा दर साठ युरोंच्या खाली येऊ द्यायचा नाही, ही कल्पना माझी. त्याचं श्रेय कुणी दुसऱ्याने घेऊ नये. आता कुणी घेणारही नाही म्हणा.

कोतोरच्या खाडीवर आमचं आणि त्रिपोचं घर भिंतीला भिंत लावून उभं आहे. दर हंगामात तो पाच युरो उतरायचा, मी दहा. ऑगस्ट सरेपर्यंत आम्ही पाहुण्यांनाच पैसे देऊन झोपवतोय की काय, असं वाटायचं. म्हणून मी त्याला बोलावलं, घरी गाळलेली राकिया पाजली आणि शब्द घेतला. साठ म्हणजे साठ. त्याने आईची शपथ घेतली.

शपथ त्याने पाळली. फक्त जुलैत त्याच्या पाटीवर साठच्या खाली ‘नाश्ता फुकट’ उमटलं. मी जाब विचारायला गेलो.

"दर कुठे उतरवलाय, क्रस्तो?" तो शांतपणे म्हणाला. "भुकेल्याला घासभर दिलं तर करार मोडतो का?"

दुसऱ्या दिवसापासून माझी बायको यागोदा पहाटे उठून पिठाचे गोळे तळू लागली, सोबत अंजिराचा मुरंबा. त्रिपोने रात्रीचे मासे सुरू केले. मी होडीतून फेरी सुरू केली. तो बसथांब्यावरून पाहुण्यांच्या बॅगा खांद्यावर आणू लागला, तेव्हा आम्ही त्यांचे कपडे धुवायला घेतले. आम्ही म्हणजे यागोदाने. दर जागच्या जागी होता, झिजत होतो ते आम्ही. माझी कंबर धरली, त्रिपो वाकडा चालू लागला, पण माघार कोण घेणार?

ऑगस्टात ऑस्ट्रियाहून एक वयस्कर जोडपं आलं. दुसऱ्या सकाळी मी नाश्त्याचं ताट घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो, तर ते बॅगा घेऊनच बाहेर आले.

"तुम्ही फार चांगली माणसं आहात," म्हातारा अवघडून म्हणाला. "पण आम्हाला जरा झोपायचंय."

ते वरच्या आळीत मिलुशाकाकूंकडे गेले. काकू विधवा, एकट्या राहतात. त्यांच्या खोल्यांतून समुद्र नाही, शेजाऱ्याची भिंत दिसते. दर नव्वद. त्रिपोचेही पाहुणे तिकडेच गेल्याचं कळलं.

"नव्वद," यागोदा एवढंच म्हणाली. एप्रन खुर्चीवर टाकून आत गेली आणि झोपली, ती दुपारपर्यंत उठलीच नाही.

संध्याकाळी त्रिपो लंगडत आला. काकू असं काय देतात, ते विचारूनच येऊ, असं ठरलं. एकमेकांना धरून आम्ही पायऱ्या चढलो आणि दार वाजवलं. वरची खिडकी उघडली. काकूंनी आम्हाला पाहिलं, खोल्या भरल्यात म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

आम्ही पुन्हा एकमेकांना धरलं.

"पाहिलंस?" उतरताना त्रिपो म्हणाला. "कुणाच्या मागे लागत नाही, याचेच नव्वद घेते ती."