शेलार साहेबांच्या बाह्या

शेलार साहेब पहिल्यांदा माझ्या वखारीत आले तेव्हा मी पुढे केलेला हात त्यांनी पाहिलाच नाही. त्यांनी टेबलावरची लोखंडी टेप उचलली, तळहातावर ठेवून अंदाज घेतला आणि ती नेऊन शेडच्या सावलीत ठेवली.

"ऊन लागलंय तिला," ते म्हणाले. "दहा मिनिटं थांबू. तापलेली टेप खोटं बोलते."

मग मी, माझा करवत-मिस्त्री बाळाराम आणि वैधमापन खात्याचे निरीक्षक सदाशिव शेलार असे तिघं दहा मिनिटं त्या टेपकडे बघत उभे राहिलो. बाळारामने तर टोपीसुद्धा काढली. त्याला वाटलं, टेपचं काहीतरी बरंवाईट झालं असावं.

वैधमापन म्हणजे वजनं-मापं तपासून त्यांवर शिक्का मारणारं सरकारी खातं. आमच्या भाषेत पासिंगवाले. त्यांचं नाव काढलं की भिवंडीतला वाणी काटा पुसायला घेतो आणि आम्ही लाकूडवाले कपाट उघडतो. कपाट का, ते पुढे येईल.

साहेब पन्नाशी ओलांडलेले, किडकिडीत, भांग पट्टीने पाडल्यासारखा सरळ. काखेत एक लांबट पेटी. आत फलालीनच्या कापडात गुंडाळलेलं सरकारी प्रमाण मीटर. रिक्षात बसताना ते आधी पेटीला बसवायचे आणि उरलेल्या जागेत स्वतः मावायचे. वखारीतला चहा घ्यायचे नाहीत. स्वतःचा थर्मास आणायचे. एकदा बाळाराम फारच मागे लागला, "साहेब, अर्धा कप तरी घ्या."

"अर्धा म्हणजे किती?" साहेबांनी विचारलं. बाळाराम तसाच किटली घेऊन परत गेला.

पण त्यांचा खरा प्रश्न वेगळाच. कुणीही कुठलाही आकडा उच्चारला की साहेब मान किंचित तिरकी करून विचारायचे, "कोणाच्या मापाने?"

डॉक्टर म्हणाले, ताप एकशे एक आहे. "कोणाच्या मापाने? हे थर्मामीटर शेवटचं कधी तपासलं?" डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि ताप किती ते तुम्हीच ठरवा म्हणाले. बाळारामच्या मुलीच्या साखरपुड्याला मी साहेबांना आग्रहाने नेलं, कारण मला थोडी गंमत हवी होती. ती मिळाली. मध्यस्थ भर मांडवात सांगत होता, "पोरगा शिकलेला हाय, गोदामात सुपरवायझर हाय, उंचीला पाच फूट आठ इंच हाय."

"कोणाच्या मापाने?"

पोराचा चेहरा उतरला. साहेबांनी त्याला सन्मानाने खांबाला टेकून उभं केलं, खिशातली टेप काढली आणि जाहीर केलं, "पाच सहा. बुटांसह." साखरपुडा झाला, लग्न झालं, पोरगी सुखात आहे. जावई मात्र सासऱ्याकडे यायचं म्हटलं की आधी फोन करून विचारतो, पेटीवाले साहेब आलेत का.

माझी वखार वळ गावाच्या हद्दीत आहे. आबांच्या काळात, म्हणजे माझ्या वडिलांच्या काळात, ती निजामपुऱ्यात होती आणि लूमच्या शेडांना वासे-तुळया पुरवायची. आता आजूबाजूला गोदामं झाली, म्हणून आम्ही पॅलेट बनवतो. मालाचे खोके ज्या लाकडी चौकटीवर रचतात आणि फोर्कलिफ्ट जिच्याखाली आपली दोन बोटं घालून उचलते, ती पॅलेट. त्याला लाकूड सुकं लागतं, म्हणून माझ्याकडे ओलावा मोजायचं एक छोटं यंत्र होतं. ते साहेबांच्या अखत्यारीत येतं की नाही याची मला शंका होती, त्यांना नव्हती. त्यांनी त्याच्या दोन टाचण्या ओल्या फळीवर टेकवल्या. यंत्र म्हणालं, सुकी. मग त्यांनी त्या बाळारामच्या तळहातावर टेकवल्या.

"तुमच्या यंत्राप्रमाणे," ते गंभीरपणे म्हणाले, "बाळाराम पॅलेट करण्याइतका सुकलाय."

"आता वय झालं ना साहेब," बाळाराम म्हणाला.

इतकं सगळं काटेकोर असताना या माणसाच्या शर्टाच्या बाह्या मात्र इंचभर आखूड. एका शर्टाच्या नव्हेत, सगळ्या शर्टांच्या. मनगटाची हाडं कायम बाहेर. छातीवर बटणंही ताणलेली. शर्ट जुने होऊन आटलेत म्हणावं तर नवा कोरा शर्टसुद्धा तसाच. दोन मिलिमीटर चुकलेली टेप नापास करणारा माणूस इंचभर चुकलेला शर्ट घालून हिंडतो, याची मी आल्यागेल्याला नक्कल करून दाखवायचो. नक्कल चांगली व्हायची, हे मी लाजत कबूल करतो.

आता कपाटाची गोष्ट. आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. पासिंगची टेप वेगळी, कामाची वेगळी. साहेबांना दाखवायची टेप डबीत, डबी कपाटात. वर्षातून एकदा ती बाहेर काढायची, शिक्का मारून घ्यायचा आणि परत ठेवायची. काम ज्या मापाने चालतं ते हाताखाली असतं. आमच्याकडे ते म्हणजे आबांची पट्टी. शिसवी लाकडाची, एक मीटरची, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, मधोमध आबांच्या अंगठ्याने पडलेली गुळगुळीत खोलगट जागा. त्या पट्टीने कापलं म्हणजे झालं. त्यावर शंका घेणं म्हणजे आबांवर शंका घेणं. आणि आबा गेल्यापासून त्या पट्टीखेरीज त्यांचा हात लागलेलं फारसं काही माझ्याकडे उरलेलं नाही.

तर गेल्या वर्षी वडप्याच्या एका नव्या गोदामाची मोठी ऑर्डर आली. ती टिकली तर वखार टिकणार होती, कारण बाकीची गिऱ्हाइकं एकेक करून प्लास्टिकच्या पॅलेटकडे चालली होती. पहिला ट्रक गेला आणि संध्याकाळी भरलेलाच परत आला. मॅनेजरचा फोन. "शेठ, तुमच्या फळ्या आखूड आहेत. तीन मिलिमीटरपर्यंत चालतं, तुमचे सात आहेत. आमचं मशीन घेत नाही. आठ दिवसांत बरोबर माल द्या, नाहीतर दुसरा माणूस बघतो."

मी भडकलो. त्याचं ते लेझर का फेझर चुकीचं असणार! आणि रागाच्या भरात मी असं काही केलं जे भिवंडीच्या लाकूडबाजारात आजवर कुणी केलं नसेल. मी स्वतःहून पासिंगवाल्या साहेबांना बोलावलं.

साहेब आले. कपाटातली टेप मी मोठ्या दिमाखात पुढे केली. दहा मिनिटं सावली झाली. त्यांनी पेटी उघडली, फलालीन बाजूला केलं, टेप प्रमाण मीटरशी लावली. बरोबर. मी मॅनेजरच्या नावाने एक शिवी मनात घोळवली. मग त्यांनी परत आलेली पॅलेट मोजली. मीटरऐवजी नऊशे त्र्याण्णव मिलिमीटर.

"टेप बरोबर, माल चूक," साहेब म्हणाले. टेप नाकाजवळ नेऊन त्यांनी वास घेतला. "हिला लाकडाचा भुसा कधी लागलेलाच नाही. माल कशाने मोजता?"

मी छताकडे बघितलं. बाळाराम मात्र प्रामाणिक माणूस. "पट्टीनं साहेब. आबांच्या."

पट्टी आणली. साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, हे मला आठवतं. मोजली. सात मिलिमीटर कमी. एका टोकाची पितळी टोपी नखाने चाचपून ते म्हणाले, "ही कधीतरी निघाली होती. कुणीतरी टोक तासून परत बसवलीय."

कुणीतरी म्हणजे कोण, ते आम्हा तिघांनाही कळलं.

"हे कसं शक्य आहे?" मी म्हणालो. "इतकी वर्षं कुणी बोललं नाही!"

"कसं बोलणार? सुतार घेऊन जायचे, कापून-रंधून बसवायचे. आणि वखारीत सगळं एकाच पट्टीने. एकाच मापाने सगळं मोजलं की चूक दिसत नाही, शेठ. सगळं एकमेकांत नीट बसतं." त्यांनी पट्टी प्रमाण मीटरशेजारी ठेवली. "दुसरं माप आलं की मग कळतं."

त्यांनी वही काढली. पट्टी व्यवहारात वापरायची नाही, असं लिहिलं. "मोडत नाही मी तिला," ते म्हणाले. "भिंतीवर लावा. चिठ्ठी अडकवा: व्यवहारासाठी वापरू नये."

माझं डोकं फिरलं. आबांची चूक परक्या माणसाने माझ्या कामगारासमोर दाखवली होती आणि तीही खरी होती. मी म्हणालो, "साहेब, सात मिलिमीटरसाठी माझ्या बापाला भिंतीवर टांगायला लावता? तुमच्या बाह्या इंचभर आखूड आहेत. त्यांचं पासिंग कोण करतं?"

बाळारामने जीभ चावली. साहेबांनी उजवी बाही खाली ओढली. ती आली नाही. मग डावी ओढली. इंचभर हा आकडा मी उच्चारला होता, पण पहिल्यांदाच त्यांनी "कोणाच्या मापाने?" विचारलं नाही. पेटी काखेत मारून ते निघून गेले.

पुढचे आठ दिवस आम्ही कपाटातल्या टेपला भुसा लावला. फळ्या नव्याने कापल्या, चौकटी नव्याने ठोकल्या. शेवटच्या दिवशी दुपारी रिक्षातून आधी पेटी उतरली, मग साहेब. कुणी बोलावलं नव्हतं. कोपऱ्यातल्या फळ्यांच्या गंजीवर बसून त्यांनी एकेक पॅलेट मोजली, चुकलेल्या चार बाजूला काढल्या आणि संध्याकाळी "पाठवा" एवढंच म्हणून गेले. ट्रक वडप्याला गेला आणि रिकामा परत आला. रिकाम्या ट्रककडे बघून इतका आनंद झालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल.

त्या गडबडीत साहेब थर्मास विसरले होते. तो परत द्यायचा आणि माफीही मागायची, असं मी ठरवलं. नुसते शब्द कसे न्यायचे? ते कुणाकडून काही घेत नाहीत हे माहीत असूनही मी शर्टाचं कापड घेऊन निजामपुऱ्यात अन्वर मास्टरकडे गेलो. साहेबांचे शर्ट तेच शिवतात, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "मास्टर, शेलार साहेबांचा एक शर्ट शिवा. बाही इंचभर वाढवून."

मास्टरने कात्री खाली ठेवली. "शेठ, मैंने क्या कम बोला उनको? हर बार बोलतो, साहब, नाप लेने दो, बाही छोटी होती है. नहीं! वही घेऊन येतात. भाभी की वही. तीन साल झाले भाभी गेल्या, घर के कपडे वोच सीती थी. पान उघडून समोर धरतात, बोलतात, लिखा है वही काटो. वही मेरे हाथ में भी नहीं देते."

"पण वहीतलं माप चुकीचं कसं?"

"चुकीचं नहीं है. भाभी की टेप पुरानी, कपडे की. खिंच-खिंच के लंबी हो गयी. उसी से नापती थी, उसी से काटती थी, तो शर्ट बराबर बैठता था. मेरी टेप सरकारी शिक्केवाली. साहबनेच पास की है."

मी कापड परत काखेत घेतलं.

कल्याण नाक्याजवळ साहेबांची दोन खोल्यांची जागा. दार उघडून त्यांनी थर्मास घेतला, हलवून बघितला आणि मला आत बोलावलं. चहा केला, दोन सारखे कप. समोरच्या भिंतीवर खिळा होता. खिळ्याला पिवळी कापडी टेप अडकवलेली, कडा विरलेल्या, सुरुवातीचे आकडे पुसलेले. तिला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती आणि तिच्यावर साहेबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: व्यवहारासाठी वापरू नये.

खाली शिलाई मशीनवर वही उघडी होती. पानाच्या डोक्यावर बायकी अक्षरात लिहिलेलं, "ह्यांचे". त्याखाली छाती, उंची, बाही.

माझ्याने राहवलं नाही. "साहेब, ही टेप मास्टरला द्या की. तिच्याने कापलं तर शर्ट बरोबर बसेल."

"शिक्का नसलेली टेप दुकानात कशी देऊ?" त्यांनी खरोखरच विचारलं.

"मग मास्टरला नवीन माप घेऊ द्या."

साहेबांनी चहाचा घोट घेतला. मनगट बाहेर आलं. "माप घेतलेलं आहे," ते म्हणाले.

मी आणखी एक विचारलं. "किती वाढलीय हो ती टेप?"

"मोजली नाही."

माफी मागायला आणलेले शब्द मी तसेच परत घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी आबांची पट्टी वखारीच्या भिंतीवर लावली आणि चिठ्ठी बांधली. आठवड्याने साहेब कामासाठी आले. चिठ्ठी वाचली, दोन अक्षरं मोठी काढा म्हणाले आणि गेले. त्यांची पाठ वळताच बाळाराम माझ्याकडे बघून हसला. माझ्या नकलेची वाट बघत होता.

"शेठ," तो म्हणाला, "साहेबांच्या बाह्या अजून इंचभर आखूडच हायेत."

मी मान तिरकी केली.

"कोणाच्या मापाने?"